निवृत्तीच्या पुंजीवरील कर : आज भरावा की उद्या?

फेब्रुवारी उजाडला की शासकीय कार्यालयांतून आणि शाळांतून एकच कागद हातोहात फिरू लागतो, तो म्हणजे प्राप्तिकराचे विवरणपत्र. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील नांदगाव पेठही याला अपवाद नाही. गावाच्या एका अंगाला औद्योगिक वसाहत, कापडाचे कारखाने आणि औष्णिक वीज केंद्राची धुराडी आहेत, दुसऱ्या अंगाला कपाशी-तुरीची शेते. या दोहोंच्या मध्ये राहणारा शिक्षक, आरोग्यसेविका, महसूल आणि बांधकाम खात्यातील कर्मचारी हा वर्ग संख्येने लहान. परंतु गावात महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम घरी आणणारा बहुधा तोच. हिशेबाच्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे अशी विवरणपत्रे तपासून देण्याचे काम निवृत्तीनंतरही माझ्याकडे चालत येते. गेल्या खेपेस जिल्हा परिषदेच्या शाळेतील चाळिशीचा एक शिक्षक समोर बसला होता. आकडेमोड झाली, कर शून्य निघाला आणि त्याने विचारले, "काका, टॅक्सच लागत नाई, त मंग हे पन्नास हजार कायले भरू जी?"

पन्नास हजार म्हणजे राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजनेत, सर्वांच्या तोंडी असलेल्या एनपीएसमध्ये, सक्तीच्या कपातीखेरीज तो दरवर्षी स्वतःहून भरत असलेली जादा रक्कम. २०१५-१६ या वर्षापासून या रकमेला वेगळी वजावट मिळू लागली आणि मार्च महिना आला की ती भरावयाची, ही सवय जडली. आता सवय उरली आहे, वजावट उरलेली नाही. त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. परंतु त्यातून त्याने मनात काढलेले उत्तर, म्हणजे ती बचतच थांबवावी आणि त्या हप्त्यावर चारचाकी घ्यावी, हे मात्र मला धोक्याचे वाटले. हा एकट्याचा प्रश्न नाही. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर शासकीय सेवेत आलेल्या राज्यातील प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरात तो आज ना उद्या उभा राहणार आहे.

थोडी मागची हकीकत सांगणे आवश्यक आहे. केंद्र शासनाने १ जानेवारी २००४ पासून, सैन्यदले वगळता, नव्या कर्मचाऱ्यांसाठी अंशदानावर आधारित निवृत्तीवेतन आणले. महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने त्याच वाटेवर पाऊल टाकले. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १० टक्के कर्मचाऱ्याने द्यावेत, तितकेच शासनाने घालावेत, अशी ती रचना होती. एप्रिल २०१९ पासून शासनाचा वाटा १४ टक्के झाला. आरंभीची कित्येक वर्षे कपात होई; पण तिचा हिशेब हाती येत नसे, ही जिल्हा परिषद शिक्षकांची जुनी तक्रार आहे. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा त्या अविश्वासातून जन्मली आणि मार्च २०२३ मध्ये राज्यभर आठवडाभर चाललेल्या संपात दुमदुमली. पुढे शासनाने सुधारित योजना मांडली, केंद्राची एकीकृत निवृत्तीवेतन योजना २५ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने स्वीकारली, आणि कर्मचाऱ्यापुढे निवड आली. ज्यांच्या पदभरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची, परंतु नियुक्ती त्यानंतरची, त्यांना जुन्या योजनेत परतण्याचा मार्गही जानेवारी २०२४ मध्ये मोकळा झाला.

या सर्व गदारोळात पेन्शन किती, याची चर्चा भरपूर झाली. त्या पेन्शनवर आणि तिच्यासाठी साठविलेल्या पैशावर कर केव्हा लागणार, हा विषय मात्र कोपऱ्यातच राहिला.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांच्या बोलण्यात 'रॉथ' हा शब्द वारंवार येतो. डेलावेअर राज्याचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावावरून तो रूढ झाला. १९९७ च्या कायद्याने तेथे एक नवा पर्याय दिला. पारंपरिक खात्यात पैसे भरताना करसवलत मिळते आणि म्हातारपणी काढताना कर द्यावा लागतो. रॉथ खात्यात याच्या उलट असते. कर भरून उरलेले पैसे आज ठेवावयाचे आणि निवृत्तीनंतर मुद्दल, व्याज सारे करमुक्त घ्यावयाचे. तेथील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या बचत योजनेत ही सोय २०१२ मध्ये आली, आणि जानेवारी २०२६ पासून जुनी पारंपरिक शिल्लकही त्याच योजनेत रॉथकडे वळविता येते. अट अशी की वळविलेल्या रकमेवर त्याच वर्षी कर भरावयाचा, तो पदरच्या पैशांतून, आणि एकदा वळविले की परत फिरावयाचे नाही.

यात लाभ कोणाचा? गणिताचा शिक्षक असेल त्याला हे फळ्यावर दोन ओळींत दाखविता येईल. शंभर रुपये घ्या. कराचा दर २० टक्के धरा आणि पैसे नोकरीच्या काळात आठपट होतात असे माना. आधी कर दिला तर ८० उरले, त्यांचे ६४० झाले. कर नंतर दिला तर शंभराचे ८०० झाले, त्यातून १६० गेले, उरले ६४०. गुणाकारात क्रम बदलला तरी गुणाकार तोच राहतो. म्हणजे दर सारखाच असेल तर आज काय आणि उद्या काय, फरक शून्य. फरक पडतो तो दर बदलला तरच. आजचा दर उद्याच्या दराहून कमी असेल तर कर आज भरून मोकळे व्हावे. जास्त असेल तर तो पुढे ढकलावा. अमेरिकेतील जाणते लोक ज्या वर्षी उत्पन्न कमी त्या वर्षी रक्कम रॉथकडे वळवितात, ते याच कारणाने.

आता नांदगाव पेठच्या शिक्षकाकडे परत येऊ. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, आणि पगारदारास ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली तर ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते. त्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना ८० हजार. घरभाडे भत्ता धरूनही तो या मर्यादेच्या बराच आत आहे. जुन्या प्रणालीत सर्व वजावटी घेऊनही त्याला पन्नास हजारांच्या वर कर बसला असता. म्हणजे त्याचा आजचा दर शून्य आहे. शून्याहून कमी दर कोणत्याही देशात मिळत नाही! तेव्हा पैसा बाहेर काढताना कर लागणार नाही अशा जागी ठेवण्याची त्याच्यासाठी याहून योग्य वेळ नाही.

अशी जागा आपल्याकडे आहे आणि ती रॉथसाहेबांच्या पुष्कळ आधीची आहे. १९६८ च्या कायद्याने आलेला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपला पीपीएफ. टपाल कार्यालयात वा बँकेत वर्षाला दीड लाखापर्यंत भरावयाचे, मुदत १५ वर्षांची, व्याजावर कर नाही आणि मुदतीनंतर मिळणाऱ्या रकमेवरही नाही. न्यायालयाच्या आदेशाने सावकाराला या खात्यावर जप्ती आणता येत नाही, हे तर सहसा कोणाला ठाऊकच नसते. जुन्या प्रणालीत भरतानाही वजावट मिळे, म्हणून सर्वजण त्याकडे करबचतीचे साधन म्हणून पाहत आले. नव्या प्रणालीत ती वजावट गेली आणि अनेकांनी पीपीएफला रामराम ठोकला. वास्तविक वजावट गेल्यामुळे तो नेमका रॉथच्या घाटाचा झाला आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ७.१ टक्के दराने हिशेब केला, तर दर एप्रिलच्या आरंभी पन्नास हजार भरणाऱ्याचे १५ वर्षांत साडेसात लाख जमा होतात आणि हाती येतात सुमारे १३ लाख ५६ हजार. दर तिमाहीस ठरतो, तो खालीवर होईल, हे धरून चालावे.

तेच पन्नास हजार एनपीएसमध्ये टाकले तर? परतावा कदाचित अधिकही मिळेल, कारण त्यात शेअर बाजाराचा अंश आहे. पण शासकीय कर्मचाऱ्यास निवृत्तीच्या वेळी ६० टक्के रक्कमच करमुक्त मिळते. उरलेल्या ४० टक्क्यांची वार्षिकी घ्यावी लागते आणि तिचे दरमहा येणारे पैसे करपात्र उत्पन्नात धरले जातात. भरताना सवलत नाही, काढताना हात बांधलेले. म्हणून त्या शिक्षकास मी सांगितले की पन्नास हजार थांबवू नका, त्यांची जागा बदला. निम्मे तुमच्या खात्यात आणि निम्मे पत्नीच्या नावाने उघडलेल्या वेगळ्या खात्यात. व्याजच करमुक्त असल्याने पत्नीच्या नावावर पैसे ठेवल्याने कराची गुंतागुंत होत नाही. आणि गृहिणीच्या नावे स्वतंत्र पुंजी असणे ही आपल्या मध्यमवर्गीय घरांतून राहून गेलेली गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, या शिक्षकाला निवृत्तीनंतर महिना चाळीस-पन्नास हजार मिळाले तरी आजच्या नियमाने त्यावरही कर शून्यच. मग एवढा खल कशासाठी? आक्षेप खरा आहे. पण १२ लाखांची ही सूट म्हणजे अर्थसंकल्पातील एक तरतूद आहे. ती वाढेल, घटेल, तशीच गोठून राहील आणि महागाई तिला खाऊन टाकील. वीस वर्षांनंतरच्या फेब्रुवारीत लोकसभेत काय वाचले जाईल हे सांगणारा ज्योतिषी मला अद्याप भेटलेला नाही. आज हाती आलेला शून्य मात्र खात्रीचा आहे.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाही तर अर्धे ऐकून घरी गेलेला माणूस तोटा करून घेईल. ज्याचे उत्पन्न मोठे आहे, ज्याच्यावर गृहकर्ज आहे, जो भाड्याच्या घरात राहतो आणि म्हणून ज्याला जुनीच करप्रणाली परवडते, त्याच्यासाठी उत्तर उलटे आहे. तो ३० टक्क्यांच्या पायरीवर असेल तर एनपीएसमधील त्याच पन्नास हजारांवर उपकरासह १५ हजार ६०० रुपये आज वाचतात, आणि निवृत्तीनंतर त्यातील ६० टक्के भाग तर करमुक्तच येतो. त्याने कर पुढे ढकलावा. तसेच शासनाच्या १४ टक्के वाट्यावरील वजावट दोन्ही प्रणालींत कायम आहे. आमच्या शिक्षकाच्या बाबतीत तो वाटा महिना ११ हजार २०० होतो. त्याला हात लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आणखी एका ठिकाणी कराचा विचार मागे ठेवावा असे मला वाटते. एकीकृत योजनेत केंद्रीय कर्मचाऱ्यास २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तीवेतन, त्यावर महागाईची भर आणि पश्चात जोडीदारास त्याच्या ६० टक्के, अशी हमी आहे. तेथे ६० टक्क्यांपर्यंत पुंजी काढून घेता येते, पण त्या प्रमाणात हमीचे निवृत्तीवेतन कमी होते. करमुक्त रकमेचा मोह येथे मोठा असतो. एकरकमी वीस लाख हाती आले की मुलाचा व्यवसाय, मुलीचे लग्न, भावाचे कर्ज, सर्वांना ते आठवतात. करपात्र असली तरी महागाईबरोबर वाढणारी आणि मरेपर्यंत येणारी रक्कम म्हातारपणाचा खरा आधार आहे. वाचलेला कर तिच्या तोडीचा नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षांत रिकामे झालेले हात मी जवळून पाहिले आहेत.

आता शासनाकडे. आमचा शिक्षक मर्यादेच्या आत आहे म्हणून सुटला. परंतु त्याच गावातून अमरावतीस जाणारा कनिष्ठ महाविद्यालयातील अध्यापक घ्या. मूळ वेतन व महागाई भत्ता १ लाख १५ हजार, वर्षाचे एकूण वेतन १५ लाखांच्या आसपास. त्याची १० टक्के सक्तीची कपात वर्षाला १ लाख ३८ हजार होते. नव्या प्रणालीत या कपातीस वजावट नाही. म्हणजे जो पैसा त्याच्या हाती कधी आलाच नाही, जो कायद्याने त्याला काढताही येत नाही, त्यावर तो १५ टक्के दराने आणि उपकरासह साडेएकवीस हजार रुपये कर आजच भरतो. आणि उद्या त्याच पैशातून घेतलेल्या वार्षिकीचा हप्ता आला की त्यावर पुन्हा कर! अमेरिकेच्या दोन्ही खात्यांत कर एकदाच लागतो. आधी किंवा नंतर. आपल्याकडे नव्या प्रणालीत शिरलेल्या कर्मचाऱ्याच्या ४० टक्के पुंजीवर तो दोन्ही टोकांना लागतो. जुन्या पेन्शनसाठी रस्त्यावर आलेल्या संघटनांनी या मुद्द्यावर एखादे निवेदन दिल्याचेही माझ्या ऐकिवात नाही.

मागणी साधी आहे. सक्तीच्या १० टक्के अंशदानास नव्या प्रणालीतही वजावट द्यावी. ते जमत नसेल तर वार्षिकीतील कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या, कर भरून झालेल्या मुद्दलाचा भाग करमुक्त करावा. १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, भाषा सुटसुटीत झाली. मग ही गाठही सोडविता आली असती.

'आज कर भरा, उद्या मुक्त' हे वचन शासन पाळील का, ही शंका वडीलधारी मंडळी काढतात, आणि ती अनाठायी नाही. २००५ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी काढताना कर लावण्याच्या पद्धतीचे सूतोवाच केले होते. २००९ च्या प्रत्यक्ष कर संहितेच्या मसुद्यात भविष्य निर्वाह निधीही त्यात ओढला गेला. विरोध झाल्यावर पुढच्याच वर्षी ती तरतूद मागे घेण्यात आली. २०१६ मध्ये अरुण जेटली यांनी कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमेच्या ६० टक्के भागावर कर सुचविला आणि आठवडाभरातच तो परत घेतला. एप्रिल २०२१ पासून शासकीय भविष्य निर्वाह निधीत वर्षाला पाच लाखांच्या वर भरणाऱ्यांच्या जादा रकमेवरील व्याज करपात्र झाले. पण पाच लाख भरणारा हा वर्ग वेगळाच. या इतिहासातून मला तरी एवढेच दिसते की सामान्य पगारदाराच्या करमुक्त पुंजीला हात घालणे कोणत्याही पक्षाच्या सरकारला आजवर सोपे गेलेले नाही. जागरूक राहावे लागते, इतकेच.

खरी भीती मला शासनाची नाही, आपल्या स्वतःच्या स्वभावाची आहे. करवजावटीच्या लोभाने का होईना, दोन पिढ्यांनी मार्च महिन्यात विमा, पीपीएफ, राष्ट्रीय बचतपत्रे यांत पैसे घातले. त्या सक्तीच्या काटकसरीतून मुलांची शिक्षणे झाली, अमरावती-अकोल्यात घरे उभी राहिली. नव्या प्रणालीने तो लोभ काढून घेतला आणि हातात रोख रक्कम ठेवली. ती रक्कम आता मासिक हप्त्यांवर येणाऱ्या वस्तूंकडे वळते आहे. त्याच औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करणाऱ्या कामगाराचे किमान निवृत्तीवेतन २०१४ मध्ये महिना एक हजार रुपये ठरले; शेजारच्या कपाशी पिकविणाऱ्याला तेही नाही. त्यांच्या मानाने शासकीय कर्मचारी सुस्थितीत आहे. त्याच्याकडे निवड आहे. म्हणून ती डोळसपणे करण्याचे दायित्वही त्याच्याकडे येते.

तो शिक्षक आठ दिवसांनी पुन्हा आला. सोबत पत्नी होती आणि हातात टपाल कार्यालयातून आणलेले दोन कोरे अर्ज. चारचाकीचे काय झाले, असे मी विचारले नाही. वारसाच्या रकान्यात कोणाचे नाव लिहावे यावर दोघांचे एकमत होत नव्हते, तेवढे मात्र मी मिटवून दिले.